थर्मासमधली कढी

हे अन्नपूर्णे माउली, जिथे चूल पेटते तिथे तू, आणि जिथे चूल दिसतही नाही, नुसता काचेवर वाफेचा पडदा धरतो, तिथेही तूच. रांधणाऱ्या हाताला चव देतेस तू, जेवणाऱ्या जिभेला आठवण देतेस तू. तुझ्या पायी मस्तक ठेवून तुझ्याच एका लेकीची गोष्ट सांगतो. तिचे नाव सुहासिनी.

सुहासिनीबाई मूळच्या नागपूरच्या. सारी उमर अमेरिकेत, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत गेली. निवृत्तीनंतर बेलव्ह्यूला मुलगा मिहीर आणि सून दीपा यांच्याजवळ राहू लागल्या आणि सगळा जीव नातीत, इलात, गुंतला. इलाने दात येण्याआधी आजीच्या हातची कढी चाखली होती. वाटी ओठाला लावून भुरका कसा मारायचा, हेही आजीनेच शिकवले. दीपा म्हणे, शाळेत मुली हसतील. त्यावर सुहासिनीबाईंचे एकच उत्तर असे: आवाज ऐकला नाही, तर कढी रुसते.

मग गेल्या वर्षी दीपाची आई शोभनाताई पुण्याहून आल्या आणि जवळच घर घेऊन राहिल्या. हसऱ्या, नीटनेटक्या, स्वतः गाडी चालवणाऱ्या. दर बुधवारी पोहण्याच्या क्लासनंतर त्या इलाला उडोन खायला नेत. उडोन म्हणजे जपानी पद्धतीच्या गव्हाच्या शेवया, करंगळीएवढ्या जाड, पांढऱ्याशुभ्र, भल्यामोठ्या वाडग्यात गरम रश्शात बुडालेल्या. त्या संध्याकाळी इला कढीभाताचे ताट पुढे सरकवून म्हणे, "आजी, पोट फुल आहे."

एवढेच. पण ते ताट उचलताना सुहासिनीबाईंच्या काळजात काहीतरी जळे. त्या पूजेला बसत, ओठांवर नाम आणि मनात उडोन. देवाला फूल वाहताना वाटे, आत्ता त्या दोघी खात असतील. अन्नावर अन्नाची सवत असते, हे त्यांना या वयात कळले.

एका बुधवारी इलाने हट्ट धरला, या वेळी आजीनेही यायचे. सुहासिनीबाई लगेच हो म्हणाल्या. सकाळीच ताक घुसळले, आले वाटले, कढीपत्त्याची फोडणी दिली, कढी थर्मासात भरली आणि शालीत गुंडाळून पर्समध्ये दडवली. बेत साधा होता. शेवया त्यांच्या घ्यायच्या, वर कढी आपली ओतायची, आणि नात कुणाच्या वाडग्याकडे हात करते ते सर्वांसमक्ष पाहायचे.

दुकानात माणसे हातात ट्रे धरून रांगेत उभी होती. काचेपलीकडे आचारी मुरलेल्या कणकेची घडी घालून सुरीने शेवया कापत होता. कणीक उत्तम मळली होती. सुहासिनीबाईंनी ते मनातल्या मनात कबूल केले, आणि चेहऱ्यावर दिसू दिले नाही.

त्या काही विचारणार, तोच शोभनाताई वळून म्हणाल्या, "सुहासिनीताई, इथल्या नेहमीच्या रश्शात मासळी असते. मी फोन करून विचारलं होतं. तुमच्यासाठी अळंबीचा आणि समुद्रातल्या शेवाळाचा रस्सा आहे. इलाही तोच घेते."

हे सौजन्य काट्यासारखे रुतले. जिच्यावर राग धरायचा, तिने बोट ठेवायला निदान एक जागा तरी सोडावी.

तिघी बसल्या. इलाने काड्यांनी शेवया उचलल्या आणि असा दणदणीत भुरका मारला, की सुहासिनीबाईंचा हात जागीच थांबला. तोच आवाज. आजूबाजूच्या टेबलांवरही तेच चालले होते, कुणी मान वळवून पाहिले नाही. फक्त शोभनाताई काट्याने शेवया तोडून निःशब्द खात होत्या.

"शोभाआजी, यू आर डूइंग इट राँग," इला म्हणाली. "भुरका मार ना, सुहासआजीसारखा."

शोभनाताई हसल्या, पण हसू टिकले नाही. "दर बुधवारी हेच ऐकते," त्या म्हणाल्या. "आणते मी, आणि गोष्टी तुमच्या कढीच्या. खरं सांगू? मला तुमचा हेवा वाटतो हो."

सुहासिनीबाईंच्या मनात पहिली उकळी आनंदाचीच फुटली, देवापासून काय लपणार! मग पर्समधला थर्मास मांडीला टेकला आणि मान खाली गेली. जिला हरवण्यासाठी ही कढी आणली, ती बाई दर बुधवारी हरूनच घरी जात होती.

बाहेरचे अन्न आणू नये, अशी पाटी समोरच होती. सुहासिनीबाईंनी टेबलाखाली झाकणात कढी ओतली. इलाने हात पुढे केला. तो हलकेच बाजूला सारून त्यांनी झाकण शोभनाताईंपुढे धरले.

"घ्या. आवाज आला पाहिजे."

पहिल्या भुरक्याला शोभनाताईंना ठसका लागला. दुसऱ्याला शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी मान डोलावली. इला खदखदून हसली.

परतताना इला शोभाआजीचाच हात धरून गाडीकडे धावली, आणि सुहासिनीबाईंच्या काळजात पुन्हा बारीकसे जळले. जळो. उरलेल्या कढीचा थर्मास त्यांनी शोभनाताईंच्या हाती दिला आणि पुढच्या बुधवारी परत आणायला बजावले.

माउली, या सुहासिनीच्या ओट्यावर कढी सदा उकळत राहो. मिहीर-दीपाचे घर भरल्या ताटांचे राहो, शोभनाताईंच्या दारी नातीची पावले वाजोत, आणि इलाच्या मुखी दोन्ही आज्यांची चव, दोन्ही आज्यांचे नाव, अखंड नांदो.