चार नंबरचा लाल दिवा

चार नंबरचा लाल दिवा पुन्हा लागला. दहा मिनिटांत तिसऱ्यांदा. मशीन थांबलं आणि शेडमधले सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी इचलकरंजीत जॉबर आहे. माग बिघडला की हात घालतो तो जॉबर. सव्वीस वर्षं मी साध्या मागांवर काढली. साध्या मागात धोटा आडवा धागा, म्हणजे बाणा, घेऊन इकडून तिकडे पळतो आणि कान फुटायची पाळी येते. त्या खडखडाटात कुठला माग कुरकुरतोय, हे मी बाहेर चहा पिता पिता सांगायचो. आमचे मालक आप्पा यांनी ते सगळे माग भंगारात घातले आणि सहा रेपियर आणले. रेपियरला धोटा नाही. दोन बाजूंनी दोन पट्ट्या आत येतात आणि मधोमध एक दुसरीला धागा देते. वेग तिप्पट. आवाजावरून काही म्हणजे काही कळत नाही. जे काय आहे ते स्क्रीनवर.

भंगारवाला माग तोडत होता त्या दिवशी मी कामावर गेलो नाही. ताप आहे म्हणून कळवलं. ताप नव्हता, रडू येत होतं.

आप्पांनी आधीच बजावलं होतं. "हे बघ शौकत, गुरुवारी पाचला ट्रायलचा रोल व्यापाऱ्याकडं जाणार. शंभर मीटर. पास झाला तर सहाच्या सहा मशीन तुझ्या हातात. न्हायतर सुरतेहनं टेक्निशियन आणतो. तू गेटवर बस जा."

वॉचमनचं काम वाईट नाही. पण एक्कावन्नाव्या वर्षी त्याच शेडच्या दारात बसून दुसऱ्या जॉबरला आत सोडायचं, हे मला झेपलं नसतं.

आज तोच गुरुवार होता. साडेअकरा वाजले होते. अडुसष्ट मीटर झालं होतं, बत्तीस बाकी होतं. आणि स्क्रीन म्हणत होती, बाणा तुटला. मला तर धागा धडधाकट दिसत होता.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. साध्या मागातही बाणा तुटला की माग थांबवणारा एक काटा असतो. काटा जुना झाला की उगाचच माग थांबवतो. मग आम्ही तो दोरीनं बांधून टाकतो. विणणाऱ्याची नजर कापडावर असतेच. बाणा चुकला तर तो माग मागं घेऊन लावून घेतो. म्हणून आमच्यातल्या बहुतेकांच्या खिशात दोरीचा तुकडा असतो.

रेपियरमध्ये त्या काट्याच्या जागी सेन्सर असतो, त्याला दोरी बांधता येत नाही. पण मशीन बसवायला कंपनीकडून आलेल्या सानिका मॅडमनी टेस्टिंगला तो बंद केलेला मी पाहिला होता. माझ्या मुलीच्या वयाची, कोल्हापूरची पोरगी. ती पाच नंबरच्या मशीनमागं गुंतली होती. मी चष्मा लावला, तीच बटणं दाबली आणि सेन्सर बंद केला.

मशीन जे पळालं ते थांबेचना. आप्पा खूश. "बघा मॅडम, तुमचा काँप्युटर बसला, पर आमच्या शौकतनं मशीन पळवलं की!"

मॅडम जवळ आल्या. "काय केलंत चाचा?"

"जरा टाइट केलं."

सरळ खोटं बोललो.

एक वाजता बाकीचे जेवायला बसले. मी सवयीनं कापडावर हात फिरवला. मग उजेडाकडं धरून पाहिलं. केसासारखी एक रेघ. वीतभर अंतरावर आणखी एक. बाणा खरंच सुटत होता, आणि या वेगाला तो कुणाच्या बापाला दिसला नसता. तेवढ्यासाठीच तो सेन्सर होता.

वीस मीटर तसलं कापड गुंडाळलं गेलं होतं. कुणालाच पत्ता नव्हता. व्यापाऱ्यानं खोट काढली असती तर मशीन नवं, बाई पोरसवदा, सगळं तिच्यावर गेलं असतं. हा विचार माझ्या मनात आला. आला, हे इथं लिहिलं नाही तर पुढचं सांगण्यात काही राम नाही.

मी मशीन बंद केलं. आवाज थांबताच आप्पा ऑफिसातून धावत आले.

"का थांबवलं?"

"सेन्सर बंद हाय आप्पा. मी केलता. दोरी बांधली म्हणा."

आप्पा स्वतः माग चालवून वर आलेले. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. रेघा बघितल्या आणि त्यांचा चेहराच उतरला. "लाज वाटती का रे? लावतो सुरतेला फोन!"

"फोन नंतर लावा आप्पा," मॅडम म्हणाल्या. त्यांचाही आवाज चढला होता. "चाचा, इकडं या. ही थांबण्याची यादी. वाचा."

मी अडखळत वाचली. कापडात दोन बाणे होते, एक नंबर पांढरा, दोन नंबर निळा. "सगळं दोन नंबरवरच थांबलंय."

"म्हणजे?"

"निळ्यातच कायतरी हाय."

"मग आता बघा. ते तुम्हालाच कळणार."

मी निळा धागा चिमटीत धरून ओढला. आधी ताठ आला, मग सैल, मग परत ताठ. धागा ताणून धरणाऱ्या दोन छोट्या चकत्या असतात. त्या उघडल्या. आत निळी रुई गच्च बसली होती. तिच्यामुळं चकत्या फाकल्या की धागा सैल पडायचा आणि मधे देताघेता निसटायचा. साफ करायला दोन मिनिटं लागली.

खराब कापड कापून टाकलं. मी स्वतः सेन्सर चालू केला. दीड वाजला होता. मध्ये एकदाच दिवा लागला. धागा खरोखर तुटला होता. लाल दिवा बघून मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

चार वीसला बत्तीस मीटर पुरं झालं. एकाऐवजी दोन तुकडे गेले. का ते आप्पांनी व्यापाऱ्याला फोनवर खरं सांगितलं. कापड पास झालं.

मग आप्पांनी मला बोलावलं. "सुरतेचा माणूस न्हाय आणत. पर मशीनबी तुझ्या हातात न्हाय देत. तीन महिने मॅडमच्या हाताखाली शिकाऊ. हजेरीतबी तसंच लिवणार."

सव्वीस वर्षांच्या जॉबरचं नाव शिकाऊंच्या खाली. राग आला, खोटं कशाला सांगू. पण गेटवर बसून नव्हे, शेडच्या आत उभं राहून आला होता. दुसऱ्या दिवशी मुलीची अर्धी कोरी वही घेऊन दहा मिनिटं आधी हजर झालो.

दोरीनं दिवा विझतो, बिघाड जात नाही, एवढं त्या गुरुवारी कळलं. माझ्या खिशातला दोरीचा तुकडा मात्र टाकून दिलेला नाही. स्क्रीन वाचायला वाकलं की चष्मा घसरतो, त्याला बांधलाय.