एकाच जागेचे दोन अभिनंदन फलक

सेनगावची ती घटना आजही मनातून जात नाही, कारण त्या वेळी आम्ही ठगाच्या आधी पोहोचलो. पोलिसाच्या नशिबी असे क्वचितच येते.

आमच्याकडे कोणी नोकरीला लागले की गावाच्या फाट्यावर अभिनंदनाचा फलक लागतो. हजर होण्याआधीच! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. एका सकाळी ठाण्यात हजेरी चालू असताना फलक छापणारा दुकानदार आला. दोन गावांतल्या दोन मुलींच्या घरच्यांनी मजकुरासाठी नेमणुकीची पत्रे त्याच्याकडे दिली होती. विमानतळावरची नोकरी, आणि दोन्ही पत्रांवर जावक क्रमांक एकच.

स्टेशन डायरीत नोंद घेऊन मी दोघींना वडिलांसह बोलावले. त्यांतल्या साखरा गावच्या मुलीच्या वडिलांनी दुभती म्हैस विकली होती. ते पैसे अनामत म्हणून दुपारी चारपर्यंत ऑनलाइन भरायचे होते. दुसरीने आदल्या संध्याकाळी पहिला हप्ता भरलाही होता. मुलाखत फोनवर झालेली, नोकरी देणाऱ्या साहेबाला कोणी पाहिलेले नाही.

ही फसवणूक आहे म्हटले, तर साखऱ्याची मुलगी ऐकेना. "साहेब, चांगली नोकरी लागून राहिली, तर तुमी काहून आडवे येऊन राहिले?"

माझा आवाज चढला, हे कबूल करतो. मग भानावर येऊन मी तिला त्या साहेबाला स्पीकरवर फोन लावायला सांगितले. तो गोड हिंदीत म्हणाला की जागा एकच आहे, ती तुमच्यासाठीच राखली आहे, पैशांचे कोणाला बोलू नका. लगेच दुसरीला लावायला सांगितले. तोच आवाज, तीच वाक्ये.

साखऱ्याची मुलगी वाद सोडून बाकावर बसली. तिचे वडील हळूच म्हणाले, "म्हशीचे पैसे अजून खात्यातच हायेत, साहेब."

मला इतके हायसे वाटले की सगळ्यांसाठी मीच चहा मागवला. दुसरीची तक्रार सायबर हेल्पलाइनवर तिथल्या तिथे नोंदवली. रक्कम बँकेने गोठवली आणि पुढे तिला परत मिळाली. ज्याच्या खात्यात ती गेली होती, तो परराज्यात सापडला.

या प्रकरणाने मला एक शिकवले. आपली माणसे नोकरीची बातमी गावभर सांगतात, पण त्यासाठी पैसे भरल्याचे सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. ठगाचे पोट त्या गुपितावर भरते. खरी नोकरी पगार देते, आधी अनामत मागत नाही.

आता कोणी नोकरीचे पेढे घेऊन घरी आले, की पेढा तोंडात टाकण्याआधी मी विचारतो, "कुठं पैसे तर भरले न्हाईत ना?" लोकांना राग येतो. येऊ द्या.