फुटला तर काकीचा

आमच्या कॉलेजच्या रॉकेट टीममध्ये इंजिनाचं काम मागणारे पुष्कळ होते, पॅराशूटचं काम मात्र कोणालाच नको होतं. रॉकेट वर जाताना सगळे बघतात, खाली येताना कोण बघतं? मला शिवणमशीन चालवता येतं असं मी एकदा बोलून गेले आणि पॅराशूट माझ्या गळ्यात पडलं. पहिल्या खेपेला रॉकेट झकास वर गेलं, पण पॅराशूट काही उघडलं नाही. रॉकेट नाकावर आपटून जमिनीत रुतलं. ते आम्ही फावड्याने उकरून काढलं. तेव्हापासून माझ्या कामाला टीममध्ये ‘खड्डा विभाग’ म्हणायला लागले. मी सगळ्यांबरोबर हसायचे, पण मनाला लागायचंच. आता माझं शेवटचं वर्ष होतं. कॉलेज सोडण्याआधी एकदा तरी वरून आलेलं रॉकेट धडधाकट हातात घ्यायचं, एवढंच मला हवं होतं.

चाचणीसाठी लालबागच्या आमच्या चाळीची गच्ची होती. गच्चीची चावी वरच्या मजल्यावरच्या काकीकडे असते. काकी सख्खी नाही, पण शाळेतून आल्यावर मी आधी तिच्या घरी जेवायचे आणि मग आमच्या. काकी मूळची मालवणकडची, आणि तिच्या आमटीला नारळ लागतो तसा तो आमच्या चाचणीलाही लागायचा. झालं असं की रॉकेटच्या टोकात बसणाऱ्या यंत्रांचं वजन जवळपास मध्यम नारळाएवढं भरत होतं. शिवाय नारळ निकाल लगेच देतो. मी वाण्याच्या काट्यावर तोलून नारळ आणायचे, वेळ होईपर्यंत काकीच्या फळीवर ठेवायचे, मग पिशवीत घालून पॅराशूटला बांधायचे, खाली टीममधली दोघं चाळीतल्या पोरांना आवरून धरायची, आणि मी गच्चीवरून सोडून द्यायचे. नारळ शाबूत तर पॅराशूट पास.

काकीने पहिल्याच दिवशी करार करून टाकला. “फुटलो तर माझो, नाय फुटलो तर तुझो.”

पहिलं पॅराशूट छत्रीच्या कापडाचं होतं, चांगलं ऐसपैस. नारळ शाबूत राहिला, पण वाऱ्याने तो पलीकडच्या चाळीच्या पत्र्यावर नेऊन ठेवला. आमचा कॅप्टन, गिरगावचा मुलगा, पत्र्याकडे बघत म्हणाला, “अगं, इथे हे हाल, तर तिकडे माळावर रॉकेट शोधायला दुसऱ्या तालुक्यात जावं लागेल. लहान कर ना यार. ट्यूबमध्येपण बसत नाहीये नीट.” मी काकीच्या मशीनवर बसून कडेचा पट्टा कातरला आणि पॅराशूट लहान केलं.

मग नारळ फुटायला लागले. एक फुटला, दुसरा फुटला, तिसऱ्याचे तर सरळ दोन भाग झाले. काकीकडे रोज सोलकढी, रोज खोबऱ्याचं वाटप. चाळीत जो तो मला विचारायचा, आज काय फुटलं की नाही? मी तोंड पाडून जिन्यात बसायचे आणि काकी माझ्या हातात वाटी द्यायची. माझ्याच अपयशाची सोलकढी मी प्यायचे. सोलकढी चांगली व्हायची, हे मान्य केलं पाहिजे.

शेवटी मी दोऱ्या लांबवल्या, मध्ये हवेला भोक ठेवलं, आणि त्या दिवशी नारळ फुटला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी कॅप्टनने मला चहा पाजला. तोच नारळ पुन्हा पुन्हा वापरायचा म्हणून तो काकीच्या फळीवरच असायचा. दोऱ्यांची लांबी मला बरोबर सापडली, असं मी सगळ्यांना समजावून सांगितलं. आकृती काढून सांगितलं.

उड्डाणाच्या आदल्या दिवशी दुपारी कॅप्टनचा फोन आला. “तो न फुटणारा नारळ घेऊन ये उद्या. रॉकेट सोडायच्या आधी तोच वाढवू. लकी आहे तो.” आमची टीम गणितावर चालते, पण नारळ वाढवल्याशिवाय बटण दाबायची कोणाची छाती नाही. मी काकीच्या फळीवरून नारळ उचलला आणि सहज कानाशी नेऊन हलवला. नारळ हातात आला की आम्ही हलवतोच. पाण्याचा आवाज नव्हता. आत काहीतरी खुळखुळत होतं.

तो गोटा होता, आतलं पाणी आटून सुकलेला जुना नारळ. तळहातावर ठेवला तरी हलका लागत होता. इतके दिवस तो पिशवीत घालताना मी दोऱ्यांशिवाय कशाकडेच बघितलं नव्हतं.

“काकी, हा माझा नारळ नाही.”

काकी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. “तुझो रोज फुटता आनि तू जिन्यात तोंड पाडून बसतंस. माका बघवेना गो. म्हणान माझो गोटो ठेवलंय थंय.”

मला रडू आलं, आणि रडताना हसूही यायला लागलं. चिडणार तरी कोणावर? तीन दिवस आम्ही रॉकेटऐवजी काकीची माया तोलत होतो. पण खऱ्या वजनाला ते पॅराशूट पुरणार नव्हतं हे आता उघड होतं, आणि उद्या सकाळी पुन्हा फावडं लागणार होतं.

“कातरलेलो पट्टो लाव ना परत,” काकी म्हणाली. पट्टा कुठे होता? त्या पट्ट्याने काकीने लोणच्याच्या बरणीच्या तोंडावरचं फडकं, दादरा, बांधला होता. तिने तो सोडून दिला, मी धुतला, पंख्याखाली वाळवला आणि पुन्हा शिवला. काकी कापड ताणून धरत होती. ऊन उतरायच्या आत मी वाण्याकडून तोलून ताजा नारळ आणला आणि या वेळी पिशवीत घालण्याआधी काकीच्या कानाशी हलवला. तिने मुकाट्याने मान डोलावली. मी सोडला. नारळ अंगणात टेकला, जरासा कलंडला आणि तसाच राहिला. काकी कठड्यावरून वाकून बघत होती, आणि मला वाटतं, तो फुटू नये असं तिला पहिल्यांदाच वाटत होतं. ट्यूबमध्ये मावावं म्हणून पॅराशूटला टाल्कम पावडर लावून घट्ट घडी घातली. कॅप्टनला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, “काकीला सांग, टीशर्ट देतो तिला टीमचा.”

सकाळी माळावर कॅप्टनने नारळ मागितला. मी म्हटलं, उतरल्यावर. तो कुरकुरला, पण बटण दाबलं. रॉकेट गेलं. वर ते बारीक झालं, दिसेनासं झालं. मग निळ्या आभाळात छत्रीच्या कापडाचा काळा ठिपका उघडला. तो सावकाश खाली येत होता. मी धावत सुटले. रॉकेट गवतात आडवं पडलं होतं, एक ओरखडा नाही. मी ते उचलून पोटाशी धरलं. लोणच्याचा वास येत होता.

नारळ मी कोणाला वाढवू दिला नाही. संध्याकाळी तो काकीपुढे ठेवला. तिने तो कानाशी हलवला.

“फुटलो नाय. म्हंजे तुझो,” ती म्हणाली. करार तो करार.

“मला काय करायचाय?”

काकीने कोयता घेतला, खाली वाटी धरली आणि नारळ फोडला. वाटी माझ्याकडे सरकवली.

“पानी तुका,” ती म्हणाली, “खोबरां माका.”