वाइनमधली लवंग

आमच्या घरात कोणाच्याच तोंडाला वास येत नसे, कारण सगळ्यांच्याच येत असे. मखमलाबादच्या मळ्यात सकाळची न्याहारी म्हणजे बाजरीची भाकरी, लसणाचा ठेचा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा; दुपारी त्याचीच उजळणी. सहा माणसं ओट्यावर एकमेकांच्या तोंडाशी तोंड आणून बोलत, पण एकाचंही नाक कधी मुरडलं गेलं नाही. मेथीवर औषध फवारायची गरजही आम्हाला कधी पडली नाही. वडील वाफ्यात उभे राहून पाणी सोडायला हाक मारत, तेवढ्यानं पानांवरचा मावा टपाटप खाली पडे.

हा वास शोधून काढला एका परक्या नाकानं.

नवं शतक लागून तीन-चार वर्षं झाली असतील. माझ्याकडे बी.एस्सी.ची पदवी होती आणि अंबडच्या कारखान्यांतल्या झाडून सगळ्या वॉचमनांशी ओळख होती, कारण वॉचमनच्या पुढे मला कोणी जाऊच देत नव्हतं. वडिलांनी जाहीर करून टाकलं होतं की यंदा नोकरी लागली नाही तर पदवीधरानं मुकाट्यानं कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला बसावं. अशात विंचूरला वाइनच्या एका नव्या कारखान्यात जागा निघाली. काम एवढंच की आलेल्या पाहुण्यांना पिंपं दाखवायची आणि वाइनची चव समजावून सांगायची. घरी मी 'द्राक्षाच्या रसाची कंपनी' असं सांगितलं. यात खोटं काही नव्हतं. रस जरा जुना होता, इतकंच.

मुलाखत घेणारे साहेब परदेशात जाऊन नाक शिकून आले होते. मी पहिली दोन वाक्यं बोललो आणि साहेबांनी खुर्ची मागं सरकवली. पाचव्या वाक्याला खुर्ची भिंतीला टेकली.

"तुमचं बाकी सगळं ठीक आहे," ते रुमालाआडून म्हणाले, "पण तुम्ही तोंड उघडलं की माझ्या ग्लासातली वाइन मरते. आठ दिवसांनी या. तोंड स्वच्छ झालं असेल तर जागा तुमची, नाही तर दुसरा बघतो."

कारखाना थाटायचा कांद्याच्या बाजाराला खेटून, आणि वास काय तो माझ्या तोंडाला! पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मला तर नाकही नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं.

घरी येऊन सांगितलं तर आईला तो साऱ्या घराण्याचा अपमान वाटला. इतकी वर्षं वास आला नाही तो आताच बरा आला, असं म्हणून तिनं त्या साहेबाची सात पिढ्यांची चौकशी केली. वडिलांनी मात्र शास्त्रशुद्ध मार्ग धरला. ओंजळीत फू केली, हुंगली आणि निकाल दिला, "नाय येत."

शेवटी मी शेजारच्या काकांना शरण गेलो. काकांनी अख्खी नोकरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळशाची राख खाऊन काढली होती आणि निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी ते आयुर्वेदात उतरले होते. मला बघून त्यांना झालेला आनंद काय सांगावा! गावात पहिल्यांदाच कोणीतरी आपल्या पायांनी त्यांच्याकडे आलं होतं.

कांदा-लसूण बंद, हा पहिला हुकूम. आईनं विचारलं, मग पोरानं खायचं काय? काका म्हणाले, पेरूची कोवळी पानं. मी खरोखर ती चघळत हिंडलो. शेजाऱ्यांची शेळी माझ्याकडे भाऊबंदकीच्या नजरेनं बघायला लागली. सकाळी बाभळीची काडी, मग तांब्याच्या जिभलीनं जीभ खरवडायची. पहिल्या दिवशी जिभेवरून जो माल निघाला त्यावर गुंठाभर वांगी आली असती. त्यानंतर तिळाच्या तेलाची गुळणी, तीही वर्तमानपत्र वाचून होईपर्यंत तोंडात धरायची. काका तेव्हा मुद्दाम छोट्या जाहिरातीसुद्धा मोठ्यानं वाचून दाखवत. वर तासातासाला तांब्याभर पाणी.

टिंगल करतो खरी, पण गुण आला. कांद्याचा उपास, जिभली आणि पाणी, या तिघांनीच काम केलं असावं असा माझा अंदाज आहे. पाचव्या दिवशी आई जवळ बसून काही सांगू लागली आणि आयुष्यात पहिल्यांदा मला आईच्या तोंडाचा वास आला. तिला बोललो नाही. बी.एस्सी. झालो असलो तरी इतका मूर्ख नव्हतो.

पण गुण आला म्हणून थांबतील ते काका कसले? पुन्हा साहेबांकडे जायच्या दिवशी त्यांनी माझ्या एका गालात सात लवंगा आणि दुसऱ्यात मूठभर वेलदोडे भरले. तसे गाल फुगवून मी एसटीनं विंचूर गाठलं. दाढदुखीवाल्याला विचारा, लवंगेनं काय होतं. निफाड येईतो माझी जीभ लाकडाची झाली होती.

साहेबांनी हुंगलं, खुर्ची पुढं घेतली आणि लाल वाइनचा ग्लास माझ्यासमोर ठेवला. काय चव लागते ते सांगा, म्हणाले.

मी घोट घेतला. चव कसली नि काय! तोंडात फक्त काका होते. खरं तेच सांगून टाकावं म्हटलं.

"लवंग," मी म्हणालो.

साहेबांच्या भुवया वर गेल्या. "आणखी?"

"वेलदोडा. आणि शेवटी जरा तुरट. पेरूच्या पानासारखं."

साहेबांनी डोळे मिटून स्वतः घोट घेतला. बराच वेळ तो तोंडात घोळवला. "लवंग," ते पुटपुटले, "तीन महिने मला ती सापडत नव्हती." त्यानंतर त्या वाइनच्या बाटल्यांवर 'लवंगेची हलकी झाक' असं छापून आलं. लोक ती वाचून हुंगत आणि त्यांनाही ती सापडे.

नोकरी लागली, कोथिंबीर टळली. दिवसभर घोट घ्यायचा, चव बघायची आणि भांड्यात थुंकायचं, असं काम. पण थुंकणं आणि पिणं यातला फरक घरच्यांना पटवायचा, तर आधी तो मला पटलेला हवा होता. संध्याकाळी तोंडाला येणाऱ्या नव्या वासावर काकांचं औषध विचारायची सोय नव्हती. मग मी विंचुरातच एक कांदा घ्यायचो आणि एसटीत बसून कचाकचा खायचो. शेजारची सीट आपोआप रिकामी व्हायची. घरी मी पुन्हा घरच्यासारखा.

एकदा पाहुणे लांबले, एसटी धावत पकडली आणि कांदा राहिला. दारात आई उभी होती. आतून वडिलांचा आवाज येत होता. मी नमस्कारासारखा हात तोंडाशी नेऊन आत सटकू लागलो, तशी तिनं मला अडवलं, माझ्याकडे बघत एकदाच श्वास घेतला आणि ओट्यावरचा कांदा उचलून उंबऱ्यावर बुक्कीनं फोडला.

"रसाच्या कंपनीतून आलास ना?" ती हळूच म्हणाली. "आधी हा खा. मग जा वडलांपुढं."

मी उभ्याउभ्या खाल्ला. मग आत जाऊन वडिलांच्या पानाशेजारी बसलो आणि तासभर त्यांच्या तोंडाशी तोंड आणून बोललो. त्यांना कसलाही वास आला नाही.