आठच्या शोची कस्तुराताई

चिंचवडच्या रत्नदीप हॉटेलात गेलात तर दारातच पितळेची पाटी दिसेल. ही वास्तू ऐतिहासिक आहे, पासष्ट वर्षांची आहे, हिची सागवानी दारं मूळची आहेत, असं तिच्यावर कोरलंय. खोटं काही नाही. तरी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हसू आवरेना. अहो, हे रत्नदीप टॉकीज. इथल्या ज्या खुर्च्यांवर आम्ही तंगड्या पसरून घोरलो, त्यातली एक रांग आता पॉलिश करून, पुढं मखमली दोरी लावून लॉबीत ठेवलीय. दोरीला चिठ्ठी, 'कृपया बसू नये'. बसू नये म्हणे. निम्म्या चिंचवडची झोप त्या खुर्च्यांनी भागवलीय, राव.

मी ज्योतीराम. मूळचा उस्मानाबादचा, आता त्याला धाराशिव म्हणतात. तीस वर्षं कंपनीत लेथ मशीनवर उभा राहिलो, मग व्हीआरएस घेतली. घरात बसून बायकोच्या प्रत्येक भाजीला नावं ठेवायला लागलो तेव्हा तिनंच मला बाहेर काढलं. आता टेंपो ट्रॅव्हलर चालवतो. रत्नदीप हॉटेलात उतरलेले परदेशी इंजिनिअर चाकणच्या कारखान्यांत न्यायचे आणि आणायचे, हे माझं काम. पण गोष्ट माझी नाही, कस्तुराताई ओव्हाळची आहे. मधे मधे मी तोंड घालणार, त्याला इलाज नाही.

मी चिंचवडला आलो तेव्हा कॉट बेसिसवर राहायचो. म्हणजे खोली नाही, फक्त खाट भाड्यानं. त्यातही एका खाटेला दोन माणसं, एक सेकंड शिफ्टचा, एक थर्डचा. मी थर्डचा. सकाळी सातला सुटून खोलीवर यावं तर माझ्या खाटेवर सेकंड शिफ्टचा गडी आडवा, आणि तो दहा-साडेदहाशिवाय हलायचा नाही. मग जायचं कुठं? रत्नदीपला. मालक हुशार होता. थर्ड शिफ्टची ही अडचण ओळखून त्यानं सकाळी आठचा शो सुरू केला. पडद्यावर काय चाललंय याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं. अंधार आहे, पंखा आहे, खुर्ची आहे, बस्स. तीन महिने एकच पिक्चर होता आणि त्यातल्या हिरोचं तोंड मी अजून पाहिलेलं नाही.

या शोच्या दारावर कस्तुराताई. एकोणीस वर्षांची, दापोडीहून यायची. लेडीजच्या रांगेसाठी बाई हवी म्हणून तिला घेतलेली. आठच्या शोला कुठली बाई येणार, म्हणून मॅनेजरनं तिला आमच्यावर सोडली. पहिल्याच आठवड्यात तिनं बघितलं की इथं दोनशे माणसं झोपतात आणि निम्म्यांची पुढची कामं बुडतात. कोणाला दहाची एसटी धरायची असते, कोणाला डॉक्टरकडं जायचं असतं. तिनं पालिकेच्या शाळेतून खडू आणले. तिकीट फाडलं की अर्धं तिकीट आणि खडूचा तुकडा हातात द्यायची. आपण बसायचं, पुढच्या खुर्चीच्या लाकडी पाठीवर आपली वेळ लिहायची आणि डोळे मिटायचे. त्या वेळेला टॉर्चच्या बुडानं लाकडावर दोन टकटक. माणसाला हात लावायचा नाही, ओरडायचं नाही. टकटक, टकटक. आणि नावानं नाही, गावानं हाक. "अहो परभणी, साडेनऊ." "अहो सांगली, उठा."

एकदा मीच उठलो नाही. त्या दिवशी साडेदहाला कंपनीत माझी मुलाखत होती, कायम करण्याची. आमच्या पट्ट्यात 'कायम' हा शब्द काय आहे हे बाहेरच्याला कळायचं नाही. पोरगी द्यायला आलेला सोयरा आधी गोत्र विचारत नाही, 'कायम का टेंपरवारी' विचारतो. मी खुर्चीवर दहा लिहिलं आणि मेल्यासारखा झोपलो. टकटक झाली, हाक झाली, मी ढिम्म. तेव्हा या बयेनं माझ्या पायातला बूट काढला आणि चालायला लागली. मी एका पायात बूट घालून गेटपर्यंत तिच्या मागं पळालो. गेटवर तिनं बूट खाली ठेवला आणि म्हणाली, "जावा आता उस्मानाबाद. कायम होऊन या." झालो. माझं लग्न, पिंपळे गुरवचा फ्लॅट, पोरांची शिक्षणं, सगळं त्या बुटामागं पळण्यातून आलंय. हे मी बायकोलाही सांगून ठेवलंय.

आणि तिचं काय? तेवीस वर्षं तिनं त्या दारावर काढली आणि तेवीस वर्षं ती बदली कामगारच राहिली. दर सहा महिन्यांनी दोन दिवसांचा ब्रेक, मग पुन्हा नवं कार्ड. तिचे यजमान खंडूभाऊ, तेही आयुष्यभर ठेकेदाराकडं, आणि तसेच एक दिवस वारले. कायमचं पत्र त्या घरात कधी आलंच नाही. टॉकीज बंद पडलं तेव्हा सगळ्यांचा हिशेब झाला, हिला सांगितलं की तुमचं नाव यादीत नाही. मला अजून त्या गोष्टीचा राग येतो. ती मात्र दुसऱ्या दिवसापासून सोसायट्यांचे जिने झाडायला लागली आणि त्यावर मिनलला शिकवलं. मिनल म्हणजे तिची पोरगी, आता हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. कायम.

मधली पंधरा-सोळा वर्षं टॉकीज धूळ खात पडलं. मग एका मोठ्या कंपनीनं घेतलं आणि त्याचं पंचतारांकित हॉटेल केलं. स्टॉलच्या जागी लॉबी, बाल्कनीच्या जागी खोल्या, आणि जुन्या दारांचं सागवान नव्या खोल्यांच्या दारांना. कस्तुराताईनं ते पेपरात वाचलं आणि अर्ज टाकला. मिनल चिडली. म्हणाली, "आई, अठ्ठावन्नाव्या वर्षी कोण नोकरी धरतं? बस ना घरी." तर ही म्हणते, "तू कायम झालीस. मी न्हाई झाले अजून. त्याच इमारतीत होऊन दावते."

हाउसकीपिंगमध्ये तिला घेतलं. तीन महिने ट्रायल, पटलं तर कायम, नाहीतर जय महाराष्ट्र. पहाटे पाचची पहिली शिफ्ट. मी पिंपळे गुरवहून निघताना दापोडीतून तिला गाडीत घ्यायचो. "जय भीम, उस्मानाबाद," म्हणून बसायची आणि रोज बोटावर दिवस मोजायची. एवढे झाले, एवढे राहिले.

सत्तर दिवस उत्तम गेले. मग खडूनं घात केला.

झालं असं की माणसं कमी पडायची म्हणून ती संध्याकाळच्या पाळीलाही थांबायची, आणि बिछाने घालताना पाहुण्यांना बोटांनी विचारायची, सकाळी किती वाजता? तो बोटं दाखवायचा. ही खोलीबाहेर येऊन दारावर खडूनं आकडा लिहायची. तिला त्यात वावगं वाटलंच नाही. तेच लाकूड, त्यावर वेळ लिहायची, एवढंच तिला ठाऊक. पण त्या दारांना बाहेरून माणसं आणून तेलपाणी केलं होतं. खडू पुसला तरी पांढरे ओरखडे राहिले. अकरा दारं. सुपरवायझर सनी, गोड पोरगा आहे तसा, पण शर्टाची इस्त्री मोडेल म्हणून कधी वाकत नाही, त्यानं दारांचे फोटो काढून रिपोर्ट लिहिला. हेरिटेज मालमत्तेचं नुकसान, सबब कायम करू नये. जनरल मॅनेजर अंजली मॅडमच्या टेबलावर तो कागद गेला. निर्णय सोमवारी.

गाडीत ती मला म्हणाली, "चूक माझीच हाय, उस्मानाबाद. दार आपलं समजले."

मी म्हणालो, "ताई, खडू टाका आता गाडीबाहेर."

"टाकीन की. पण मग लोकांना उठवू कशी?"

हट्टी बाई. दार नको म्हणाले ना, मग तिनं उंबरा धरला. प्रत्येक खोलीला काळ्या दगडाचा उंबरा आहे. त्यावर खडू उठून दिसतो आणि ओल्या फडक्यानं साफ निघतो. दगडाला पॉलिश नाही, ओरखडा नाही. वर सनी वाकत नाही, त्यामुळे त्याला दिसण्याचीही भीती नाही. मी कपाळावर हात मारला. सोमवार तीन दिवसांवर आणि ही उंबऱ्यांवर आकडे काढत फिरतेय.

शुक्रवारी छत्तीस कोरियन इंजिनिअर आले. चाकणला त्यांच्या कारखान्यात नवी लाइन सुरू व्हायची होती, शनिवारी सकाळी साडेसातला, मोठमोठे पाहुणे हजर राहणार होते. अर्धे लोक माझ्या पहिल्या खेपेत पावणेसहाला, बाकीचे नऊच्या खेपेत. कोणाला कधी उठवायचं ते सगळं कॉम्प्युटरमध्ये. वेळ झाली की खोलीतला फोन आपोआप वाजणार.

शनिवारी पाचला आम्ही पोचलो तर रिसेप्शनवरची स्वप्नाली रडकुंडीला आलेली. कॉम्प्युटर बंद, फोन बंद, यादी त्याच्या पोटात. दुरुस्तीवाला माणूस हिंजवडीहून निघालाय म्हणे. मोबाइलचे अलार्म वाजत होते, जिन्यात ऐकू येत होते, पण दोन दिवसांच्या प्रवासानं मोडलेला माणूस अलार्मला कुठला दाद देतो. सनीचा चेहरा उतरलेला. तो म्हणाला, "फायर अलार्म वाजवू या. सगळेच उठतील."

"आणि नऊवाले?" कस्तुराताई म्हणाली. "त्यांना झोपू द्या की. माणूस घाबरवून उठवायचा नसतो."

"पण यादी कुठंय आपल्याकडं?"

तिनं पिशवीतून टॉर्च काढली. तीच जुनी, बुडाशी पोचा आलेली. म्हणाली, "उंबऱ्यावर हाय."

ती पुढं, आम्ही तिघं मागं. कॉरिडॉरमध्ये मंद दिवे असतात, ती टॉर्च खाली धरून चालत होती. पाच दहा, टकटक, टकटक. पाच पंधरा, टकटक, टकटक. नऊच्या खेपेचा आकडा दिसला की नुसती पुढं. एकेक दार उघडत गेलं, डोळे चोळत माणसं वाकून नमस्कार करत होती, ही पण वाकून करत होती. सनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा वाकला, उंबऱ्यावरचा आकडा वाचायला.  मी तीस-पस्तीस वर्षांनी तो आवाज ऐकत होतो.

शेवटचं दार त्यांच्या मुख्य साहेबांचं, जिथं पूर्वी बाल्कनीची पहिली रांग होती तिथं. टकटक झाली. काही नाही. पुन्हा टकटक. पाच पस्तीस झाले. खाली गाडी भरलेली आणि ज्याच्या हातानं बटण दाबायचं तोच आत झोपलेला. मी मनात म्हणालो, आता बूट कुठून काढणार? तर ती दाराला तोंड लावून, तिच्या त्या जुन्या सुरात म्हणाली, "अहो कोरिया, उठा. लाइन सुरू करायचीय ना?"

त्याला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. दार उघडलं.

पावणेसहाला गाडी गेटबाहेर पडली. एकही सीट रिकामी नव्हती. साडेसातला लाइन सुरू झाली, टाळ्या मी पार्किंगमध्ये ऐकल्या.

परत आलो तेव्हा अंजली मॅडम वरच्या मजल्यावर एकट्याच फिरत होत्या. प्रत्येक उंबऱ्यापाशी थांबत होत्या. पोछावाल्याला त्यांनी पुसू दिलं नव्हतं. सनी मागं उभा होता. तो स्वतःहून म्हणाला, "मॅडम, तो रिपोर्ट मला परत हवाय."

"कोणता रिपोर्ट?" मॅडम म्हणाल्या. हुशार बाई.

सोमवारी पत्र आलं. हॉटेलच्या शिक्क्याचं, सहीचं. मॅडमनी मोठ्यानं वाचलं, "श्रीमती कस्तुरा खंडू ओव्हाळ यांची कायमस्वरूपी नेमणूक करण्यात येत आहे." साठाव्या वर्षी निवृत्ती, म्हणजे दोनच वर्षं. मी ते बोलून गेलो आणि जीभ चावली. ती म्हणाली, "दोन वर्षं का हुईना. खंडूच्या नावासकट कायम झाले." आणि पदर डोळ्याला लावला. मिनलला फोन लावला तर दोघी नुसत्या हुंदके देत होत्या. शेवटी फोन मीच घेतला आणि सांगितलं, "पोरी, आई कायम झाली."

मॅडम म्हणाल्या, "ताई, आज सुट्टी घ्या. काय हवंय सांगा."

मला वाटलं पेढे म्हणेल, घरी जाते म्हणेल. ती लॉबीतल्या दोरीकडं बघत होती. म्हणाली, "मॅडम, तेवीस वर्षं मी सगळ्यांना उठवलं. त्या खुर्चीवर एकदाबी बसले न्हाई. दारावर असायचे ना."

मॅडमनी स्वतःच्या हातानं दोरी सोडली.

ताई आठच्या शोला आल्यासारखी मागं टेकून बसली. पत्र मांडीवर घडी करून ठेवलं, चप्पल काढून शेजारी ठेवली. पुढं खुर्ची नव्हती, मग खडू काढून काळ्या फरशीवर लिहिलं, ११. माझ्या हातात टॉर्च दिली आणि डोळे मिटले. येणारे-जाणारे पाहुणे बघत होते. सनी त्यांना तोंडावर बोट ठेवून गप्प करत होता. चाकणची एक खेप मी दुसऱ्या ड्रायव्हरला दिली आणि तिथंच उभा राहिलो. ती घोरत होती, खोटं कशाला बोलू.

बरोबर अकराला मी टॉर्चच्या बुडानं तिच्या खुर्चीच्या लाकडावर दोन टकटक केल्या. हात लावला नाही, ओरडलो नाही.

"अहो दापोडी," मी म्हणालो, "उठा. अकरा वाजले."