घंटासुराच्या किल्ल्यात वैशाली कंडक्टर

रोहा एसटी स्टँडवरून वरसेला चालत जाणं हे कुणालाही जमण्यासारखं काम आहे. रस्ता सरळ, चढ नाही, कुत्री ओळखीची. वैशाली भोकटेला मात्र या रस्त्याने आजवर एकदाही सरळ घरी जाता आलेलं नाही. पानटपरीवर “काय ताई, सुटली का ड्युटी?” रसवंतीपाशी “आज लवकर?” किंवा “आज उशीर?” कारण वेळेवर येणं हा प्रकार त्या रसवंतीवाल्याला मान्यच नाही. पुढे मेडिकलवाला, त्याच्या पुढे पिको-फॉलवाली, आणि शेवटी ओट्यावर बसलेले एक आजोबा, जे “कुठं चाललीस गो?” म्हणतात आणि “घरी” असं उत्तर मिळालं की “का?” विचारतात.

यात दोष कुणाचाच नाही. वैशाली रोहा–पेण गाडीवर कंडक्टर आहे. कोलाड, खांब, नागोठणे, वडखळ या पट्ट्यातल्या अर्ध्या जनतेला तिने दारातून आत ओढलंय आणि उरलेल्या अर्ध्या जनतेला बाहेर उतरवलंय. आवाज असा, की खांबच्या थांब्यावर ती “खांबवाले, उठा” म्हणाली की गाडीतले उठतातच, पण शेताच्या बांधावर टेकलेलेही उठून उभे राहतात. अशा बाईची आयुष्यात एकच इच्छा होती: एकदा तरी कुणी काही न विचारता कुठून तरी कुठेतरी पोचायचं.

गेल्या वर्षी डेपोच्या गणपतीची ऑर्डर द्यायला ती हमरापूरला गेली. कारखान्यात मूर्तींच्या रांगा वाळत होत्या आणि माडीवरून एका मुलीचा आवाज येत होता, “आता तू कोणालाच दिसत नाहीस. दारातले पहारेकरी तुझ्या अंगावरून पलीकडे बघतायत.” वैशाली ऑर्डर विसरून जिना चढली आणि वर जाऊन म्हणाली, “हे कुठं मिळतं?”

वर आम्ही होतो. आम्ही म्हणजे त्या कारखानदाराची मुलगी मृणाली, पेणच्या एका बँकेत बसणारा अद्वय, आणि ढाल-तलवारवाला योद्धा म्हणून खेळणारा आणि बहुतेक वेळ जखमी असणारा मी. दर रविवारी दुपारी आम्ही तिथे जादू आणि राक्षसांचा खेळ खेळतो. प्रत्येकाने आपापलं एक पात्र बनवायचं, ते काय करतं ते तोंडाने सांगायचं आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. खेळ मृणाली चालवते. सगळे राक्षस, पहारेकरी, म्हाताऱ्या, घुबडं तीच बोलते. टेबलावरच्या बाहुल्याही तिनेच उरलेल्या शाडूच्या केलेल्या असतात. हाताला वळण एकच असल्यामुळे तिच्या सगळ्या राक्षसांना थोडं पोट असतं आणि चेहऱ्यावर विलक्षण शांत भाव असतात.

“कोण व्हायचंय ताई तुम्हाला?” मृणालीने विचारलं. “योद्धा, वैद्य, चोर, जादूगार?”

“जी दिसत नाय ती.”

“म्हणजे लपूनछपून वावरणारी जादूगारीण.”

“व्हय. आणि जिला कोण काय विचारत नाय.”

नव्या खेळाडूला गुण वाटून दिले जातात. ताकद, अक्कल, चपळाई, लपणं असे ते आपल्या पात्रात भरायचे. वैशालीने सगळेच्या सगळे लपण्यात ओतले. अद्वय म्हणाला, “काकू, थोडी ताकद तरी ठेवा. हिला दार उघडता येणार नाही.”

“काकू कोणाला म्हणतो? आणि दार कशाला उघडेन? दार वाजलं की आतून ‘कोण हाय’ असं इचारतात.”

मंत्र निवडतानाही तिने आग, वीज, गारपीट असले आवाज करणारे मंत्र बाजूला सारले आणि अदृश्य होण्याचा, पावलं न वाजण्याचा आणि धुकं पाडण्याचा असे तीन घेतले. पात्राचं नाव ठेवलं कृष्णछाया. मृणालीने एक नियम समजावून सांगितला: मंत्र म्हणताना अंगावर जे असेल तेवढंच अदृश्य होतं. नंतर अंगावरून काढलेलं दिसायला लागतं, आणि नंतर अंगाला लावलेलंही दिसतं; पदराआड झाकलेलं तेवढं दिसत नाही.

“समजलं,” वैशाली म्हणाली.

मोहीम अशी होती, की घंटासुर नावाच्या राक्षसाच्या किल्ल्यातून त्याची सोन्याची घंटा पळवून आणायची. ही घंटा वाजली की राक्षसाचं सैन्य उठतं, म्हणून ती गुपचूप आणायची. काम कृष्णछायेवर सोपवून आम्ही खंदकाच्या अलीकडे बसलो. कृष्णछाया अदृश्य झाली, दोन दरवाजे पार करून खजिन्याच्या खोलीपर्यंत पोचली. फाशावर आकडे असे पडत होते, की अद्वयने शेंगदाणे खायचे थांबवले.

“खोलीचा उंबरठा,” मृणाली म्हणाली. “काय करता?”

“आत जाते.”

“कशी?”

“कशी म्हणजे? चपला काढून.”

मृणालीने दोनदा विचारलं, “नक्की काढल्या?”

“मग काय चपला घालून जाऊ कोणाच्या घरात? खजिना झाला म्हणून काय झालं, लक्ष्मीच ती.”

पहारेकऱ्याला उंबरठ्याबाहेर एकाएकी उमटलेला चपलांचा जोड दिसला. कृष्णछाया त्याच दिवशी वारली.

दुसऱ्या रविवारी वैशालीने धूम्रलेखा बनवली. हिला तिने अनवाणी ठेवलं. आता काढायला काही उरलंच नव्हतं. धूम्रलेखा आमच्या डोळ्यांदेखत घंटेपर्यंत गेली, घंटा पदराखाली घेतली, लोलक मुठीत धरला आणि परत फिरली. परतीची वाट माजघरातून होती आणि माजघरात घंटासुराची आंधळी आई बसली होती. तिला पावलांची चाहूल लागली नाही, पण गजऱ्याचा वास आला. मृणालीने म्हातारीचा आवाज काढला, “कोण गो? सवाशीण दिसतेस. थांब, कुंकू लावून जा.”

“थांबू नका,” अद्वय म्हणाला.

“ताई, पळा,” मी म्हणालो.

वैशालीने आम्हा दोघांकडे अशा नजरेने पाहिलं, की आमच्यावर घरच्यांनी काही संस्कार केलेत की नाही अशी शंका आम्हालाच आली. “म्हातारं माणूस कुंकू लावतंय,” ती म्हणाली, “आणि मी पळून जाऊ?” आणि तिने खरोखर, त्या टेबलापाशी, मान पुढे केली.

पुढे जे झालं ते सांगायलाही कसंतरी वाटतं. किल्ल्याच्या अंधाऱ्या बोळातून हवेत कुंकवाचा एक टिळा तरंगत चालला होता आणि त्याच्या मागे भाले घेतलेले पहारेकरी. टिळा पळाला, पहारेकरीही पळाले. टिळा जिन्यावर अडखळला. धूम्रलेखा सवाशीण म्हणून गेली, एवढंच समाधान.

मृणालीचा एक नियम होता. तिसरं पात्र मेलं की त्या खेळाडूने मोहीम संपेपर्यंत घरी बसायचं. आणि मोहीम संपायच्या आधी मूर्तींचा हंगाम सुरू होणार, म्हणजे गणपती होईपर्यंत माडी बंद. वैशालीने हातातला फासा खाली ठेवला. मग हळू म्हणाली, “आठवड्यात ही एकच दुपार हाय जिथं मला कोण कुठं चाललीस ते इचारत नाय. ती पण गेली तर मग रविवारी पण मी कंडक्टरच.”

आम्ही तिघे तिला सल्ले द्यायला लागलो. अद्वयने भिंतीतून आरपार जाण्याचा मंत्र सुचवला. मी वाघळाचं रूप घ्यायला सांगितलं. वैशालीने सगळं ऐकून घेतलं आणि मंत्रांच्या यादीत बोट फिरवत एका जागी थांबली. “हा काय मंत्र हाय?”

“बोलतं करणे,” मृणाली म्हणाली. “तो कोणी घेत नाही. कैद्यांकडून माहिती काढायला असतो. समोरच्याला एक प्रश्न विचारायचा, की तो बोलायला लागतो.”

“किती वेळ?”

“त्याचं बोलणं संपेपर्यंत.”

“हाच. सगळे गुण यात टाक.”

“आणि अदृश्य होणं?”

“नको.”

“लपणं तरी?” अद्वय कळवळून म्हणाला.

“शून्य.”

“नाव काय लिहू?”

“वैशाली लिही. दोन चांगली नावं वाया गेली.”

तिसऱ्या रविवारी वैशाली नावाची जादूगारीण खाकी झगा घालून भर दुपारी घंटासुराच्या दरवाजाकडे सरळ चालत गेली. अद्वयने डोळे मिटून घेतले. मृणालीने भाला आडवा करून आवाज चढवला, “थांब. कुठं चा...”

“काय ओ, आज एकटेच?” वैशाली म्हणाली. “जोडीदार कुठाय?” आणि तिने फासा टाकला.

फासा गडगडत जाऊन शाडूच्या ढिगाला टेकला. आकडा चांगला होता. आता नियमाप्रमाणे पहारेकऱ्याला बोलणं भाग होतं, आणि पहारेकरी म्हणजे मृणाली. ती जरा चाचरली आणि मग सुरू झाली. जोडीदार सुट्टीवर आहे. सुट्टी नेहमी त्यालाच मिळते, कारण त्याचा मेव्हणा सरदार आहे. इथे सलग दोन शिफ्ट उभं राहून टाचा गेल्या. बायको म्हणते तेल लावा, पण तेल लावायला घरी जायला तर मिळालं पाहिजे. पहारेकरी हे सगळं भाल्याला टेकून आभाळाकडे बघत सांगत होता आणि वैशाली “व्हय ना”, “नाय तर काय” असं म्हणत त्याच्या बगलेखालून आत गेली.

दुसऱ्या दरवाजावरच्याला तिने मुलीच्या लग्नाचं विचारलं. त्या पहारेकऱ्याला मुलगी आहे हे मृणालीलाही तोवर माहीत नव्हतं. पण ती होती, शिकलेली होती आणि नागोठण्याचं चांगलं स्थळ तिने नाकारलं होतं. खजिन्याच्या उंबरठ्यावर वैशालीने चपला काढल्या. तिथला पहारेकरी आपल्या मुळव्याधीबद्दल बोलता बोलता खाली वाकला आणि त्याने त्या नीट जोडून ठेवल्या. माजघरात म्हातारीने कुंकू लावलं. मुळात सगळी दिसतच असलेल्या बाईच्या कपाळावरचं कुंकू कोण कशाला बघतंय?

आणि मग खुद्द घंटासुर. घंटा त्याच्या उशाशी होती. मृणालीने पाण्याचा घोट घेतला, कारण तिचा घसा बसत आला होता, आणि गर्जना करायला तोंड उघडलं.

“झोप लागते का ओ नीट?” वैशालीने विचारलं.

फासा फिरला, थांबला. वीस.

घंटासुर जे बोलला ते मृणालीने कुठून आणलं देव जाणे. त्याला कित्येक वर्षं धड झोप नव्हती. कूस बदलली की घंटेला धक्का लागायचा आणि सगळं सैन्य उठून दारात उभं राहायचं. मग त्यांना ‘काही नाही, जा’ म्हणावं लागायचं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून कधी कधी उगाचच एखाद्या गावावर पाठवावं लागायचं. हे सांगताना त्याने तोंड भिंतीकडे केलं होतं आणि डोळ्यांना उपरणं लावलं होतं. वैशालीने घंटा उचलली, लोलक मुठीत धरला, “होईल सगळं बरं” म्हणाली आणि निघाली. चपला घातल्या.

दरवाजात पहिला पहारेकरी अजून बोलतच होता. “येते हां,” वैशाली म्हणाली. “या,” तो म्हणाला आणि पुढे सुरू झाला.

खंदक ओलांडून आमच्यापाशी आल्यावर तिने घंटा वर केली आणि कुणी काही म्हणायच्या आत दोनदा वाजवली. डबल बेल. सैन्य उठलं तेव्हा आम्ही बरेच पुढे गेलो होतो.

अद्वयला हे पचत नव्हतं. “याला लपूनछपून जाणं म्हणत नाहीत. सगळ्या किल्ल्याने हिला बघितलंय.”

“थांब,” मृणाली घोगऱ्या आवाजात म्हणाली. “घंटासुराने चौकशी बसवली. कोण आलं होतं? पहारेकरी म्हणाले, एक बाई आली होती, स्वभावाने चांगली होती. नाव काय? गाव कुठलं? दिसायला कशी? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ते विचारायचंही राहिलं आणि बघायचंही.”

अद्वयने पुन्हा शेंगदाणे खायला घेतले.

त्या संध्याकाळी रोहा स्टँडवर उतरल्यावर वैशालीने तोच मंत्र खऱ्या रस्त्यावर चालवायचा असं ठरवलं. ही हकीगत मला तिनेच पुढच्या रविवारी सांगितली. टपरीवाल्याने तोंड उघडायच्या आत तिने त्याच्या भावाचं विचारलं. रसवंतीवाल्याला उसाचं विचारलं. मेडिकलवाला, पिको-फॉलवाली, दोघांनाही आधी गाठलं. ओट्यावरच्या आजोबांना “बसलात का?” म्हटलं, आणि ते का बसलेत याची कारणं इतकी निघाली, की तिलाही शेवटी त्यांच्या शेजारी बसावं लागलं. वरसेपर्यंत तिला कुणी एकही प्रश्न विचारला नाही. फक्त पोचायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला, दिवे लागले, आणि दारात तिची सासू गिरजाबाई उभी होती.

“कुठं व्हतीस गो?”

“आई, गुडघा काय म्हणतो?” वैशालीने मंत्र टाकला.

“गुडघा गुडघ्याच्या जागी हाय. कुठं व्हतीस?”

गिरजाबाईंवर तो चालला नाही. वैशाली पायरीवर बसली. “हमरापूरला,” ती म्हणाली. “राक्षसाची घंटा चोरायला.”

गिरजाबाईंनी हे ऐकून घेतलं. “गावली?”

“गावली.”

“आत जाताना चपला काढल्या व्हत्यास का?”

“काढल्या.”

“बरं केलंस,” गिरजाबाई म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.