चौदा नंबरच्या टेपवरची मादम्मा

मी हेडफोन काढला आणि सरळ लिंडाच्या केबिनमध्ये गेले. लिंडा माझी मॅनेजर.

"चौदा नंबरची टेप गोदामाच्या लिस्टमधून काढ," मी म्हटलं. "ती बाई कन्नड बोलतेय. आणि स्वतःचं नावही सांगतेय."

"तुला कन्नड येतं?"

"मी अक्कलकोटची. तिथे अर्धं गाव कन्नड बोलतं."

इलिनॉयमधल्या एका लायब्ररीत मी साउंड आर्काइव्हिस्ट आहे. जुन्या टेपवरचा आवाज कॉम्प्युटरवर उतरवायचा आणि मेटाडेटा भरायचा, हे माझं काम. मेटाडेटा म्हणजे रेकॉर्डिंगची जन्मपत्रिका: कोण, कुठे, कधी, काय. ती कोरी असली की टेप डिजिटाइझ न करता गोदामात जाते. चौदा नंबरच्या डब्यावर एवढंच होतं: 'आदिवासी बाई, गाणं, दक्षिण भारत.' खाली रेकॉर्डिंग करणाऱ्या साहेबाचं पूर्ण नाव, पदव्यांसकट.

"शुक्रवारी लिस्ट जाते," लिंडा म्हणाली. "तोपर्यंत खात्री करून दे."

हातात तीन दिवस होते. टेपवरच्या बाईचं कन्नड माझ्या कन्नडपेक्षा बरंच वेगळं होतं, निम्मं डोक्यावरून जात होतं. म्हणून मी आयटी विभागातल्या रश्मीला गाठलं. ती म्हैसूरची. तिने जेवणाचा डबा उघडून सँडविच खात खात ऐकायला सुरुवात केली आणि खायची थांबली.

"अगं, ही सोलिगा जमातीची आहे. कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगन डोंगरातली. जेनु जेनु म्हणतेय ना, जेनु म्हणजे मध. कड्यावरचं पोळं काढण्याआधीचं गाणं आहे हे."

गाणं संपल्यावर साहेबाचा दुभाषी विचारतो, "तुमच्यापेक्षा खालची जात कोणती?" बाई हसते. "जंगलात कोण खाली? जो कड्यावर चढलाय तो वर, बाकी सगळे खाली." मग ती आपलं नाव सांगते, मादम्मा. कूळ सांगते, पाड्याचं नाव सांगते. साहेबाने यातलं काहीच उतरवून घेतलं नव्हतं.

रश्मीच्या मावशीच्या ओळखीचे एक मास्तर त्याच डोंगरात शिकवत होते. केतेगौडा, स्वतः सोलिगा. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल लागला. पाड्याचं नाव ऐकून ते म्हणाले, "तो पाडा आता नाही. जंगल राखीव झालं तेव्हा लोकांना खाली आणून बसवलं. आमची शेती बंद, शिकार बंद, आणि बाजारात आम्ही 'जंगली'. पुढे वनहक्काचा कायदा आला, मध काढायचा हक्क कागदावर मिळाला. पण मॅडम, त्या पाड्यातली माणसं माझ्या शेजारीच राहतात. उद्या फोन करा."

गुरुवारी स्क्रीनवर मास्तरांच्या शेजारी एक म्हातारी बसली होती. मी टेप लावली. गाण्याच्या मध्येच मादम्मा खोकते. ती खोकल्याबरोबर म्हातारीने मास्तरांचा हात धरला.

"अव्वा," ती म्हणाली. आई.

आणि टेपच्या आवाजाबरोबर ती पुढची ओळ म्हणू लागली. एक शब्द चुकला नाही. रश्मी रडत होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत टेपवरच्या आवाजाला असं घरचं माणूस भेटलेलं मी प्रथमच पाहत होते.

शुक्रवारी सकाळी मी लिंडाला सगळं दाखवलं. तिने फॉर्म उघडला. "निर्माता या रकान्यात साहेबांचंच नाव राहील. तशी पद्धत आहे."

"गायली कोण?"

तिने कीबोर्ड पुढे ओढला. मग म्हणाली, "स्पेलिंग सांग."

टेप डिजिटाइझ झाली. म्हातारीची परवानगी घेतली, एक कॉपी तिच्याकडे गेली, एक मास्तरांच्या शाळेत. आमच्या फॉर्ममध्ये आता 'गायक' हा रकाना सगळ्यात वर असतो. तो वर नेण्यासाठी तीन मीटिंग लागल्या. मादम्माची मुलगी दोन फोनमध्ये सापडली होती.